नाट्यगृहात फलक लावणाऱ्यांच्या हितासाठी

नूतनीकरण संपत आलंय, रंग अजून ओला आहे, उद्घाटनाची तारीख ठरलीय आणि आता कुणाला तरी वाट दाखवणाऱ्या फलकांची आठवण झाली. काम तुमच्याकडे आलं, अभिनंदन! नाटकाच्या रात्री दाराशी उभं राहून लोक कुठे अडतात ते बघायच्या भानगडीत पडू नका. नकाशा पुरे. नकाशात कोणी चुकत नाही.

गोव्यात, पणजीच्या कांपालला वास्तुकार चार्ल्स कोरियांनी कला अकादमी बांधली, ती दर्शनी मांडवाखालून आत शिरलेल्याला थेट मांडवी नदीपर्यंत नेते. असली सोय इमारतीनेच केली तर फलकांचं बिल कसं निघणार?

१० मीटरवरून वाचायला अक्षर तीन-चार सेंटिमीटर उंच हवं, असं जाणकार सांगतील. सांगू देत. तुम्ही चिऱ्याच्या भिंतीवर तांब्याची बारीक अक्षरं बसवा. फोटोत झकास दिसतात. कोकणी आधी की मराठी, रोमी (म्हणजे रोमन) लिपी हवी की नको, यावर समितीच्या तीन बैठका सहज निघतील. बाण कुठल्या दिशेला, हे विचारायला कोणाला सवडच मिळणार नाही.

तिकिटावर 'डावं दार' छापा. कोणाच्या डावीकडचं, ते गुलदस्त्यात राहू द्या. रंगमंचाची डावी बाजू नटाच्या हिशेबाने मोजतात, म्हणजे प्रेक्षकाची उजवी. पडद्यामागचा नकाशा जसाच्या तसा उचलून प्रेक्षागृहाच्या दारांवर चिकटवा. तिसरी घंटा झाल्यावर मोबाइलचा उजेड लोकांच्या तोंडावर मारत पेडण्याची आजी भलत्याच रांगेत 'ऊठ रे बाबा, ही माझी खुर्ची' म्हणते, तेव्हा तुमचं काम रंगात आलं समजा.

चाकांच्या खुर्चीचं चिन्ह जिन्याच्या पायथ्याशी शोभतं.

बाहेर पडायच्या दारावरचा हिरवा दिवा मात्र प्रकाशयोजनाकाराच्या डोळ्यांत खुपेल. ब्लॅकआउटची सगळी मजा जाते म्हणे. काळी चिकटपट्टी लावून टाका. दिल्लीच्या उपहार सिनेमात १९९७ साली बाल्कनीतले लोक धुरात, काळोखात दार शोधत राहिले आणि ५९ जण गेले. पण ती दिल्ली. आपण सुशेगाद.

महिन्याभरात राखणदार वहीचं पान फाडून भिंतीवर चिकटवील: 'संडास हांगा ना, फाटल्यान आसा' (इथे नाही, मागे आहे). लोक तेवढंच वाचून नीट जागी पोचतील. तो कागद लगेच काढायला लावा. पुरस्कारासाठी फोटो अजून काढायचे आहेत.