दुष्काळात तेरावा महिना, तोही कॉम्प्युटरात

"सर, हा इश्यू फक्त काही युजर्सना येतो."

हे वाक्य आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्यांकडून दोन दिवसांत इतक्यांदा ऐकलं की आता कोणी नुसतं "काही युजर्स" म्हटलं तरी टाळक्यात तिडीक जाते. काही युजर्स म्हणजे कोण, राजेहो? आम्हीच ना? पैसे भरताना तर आम्ही व्हॅल्यूड कस्टमर असतो.

मी एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, हिशेब सांभाळतो. वणी-हिंगणघाट पट्ट्यात. गाव सांगत नाही, नाहीतर शेठ मलाच प्रेसमध्ये घालून माझी गाठ बांधेल. नोव्हेंबर म्हणजे ऐन सीझन. आवारात कापसाच्या गाड्या, ऑफिसात रुईची भुकटी, कीबोर्डाच्या फटीत सरकी. उलाढाल 5 कोटींच्या वर गेली की ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं जीएसटीचं बिल, काढावंच लागतं, आणि गाठींचा ट्रक बाहेर निघाला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा सरकारी कागद. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर सरकारी पोर्टलला जोडलेलं आहे. बटण दाबलं की तिकडून नंबर आणि क्यूआर कोड येऊन बिलावर बसतो. बसायचा, म्हणा.

11 नोव्हेंबरला दिवाणजीच्या हाताखाली एक नवीन पोरगं लागलं. बी.कॉम., हुशार, कमी बोलणारं. माझ्याच कॉम्प्युटरवर त्याला वेगळा लॉगिन मीच करून दिला. त्या दिवशी त्यानं चार बिलं काढली, चारही सुरळीत गेली. 12 तारखेला एकही जाईना. "अनएबल टू प्रोसेस, प्लीज ट्राय आफ्टर सम टाइम." तेच बिल माझ्या लॉगिनमधून पाठवलं, दोन सेकंदांत गेलं. तेच मशीन, तेच नेट, तीच खुर्ची. खुर्चीवरचं बूड तेवढं वेगळं.

सपोर्टला फोन लावला. पहिल्या मॅडमनं लोकेशन विचारलं. सांगितलं. "अच्छा, रूरल एरिया आहे. मग नेट स्लो असेल सर." म्हटलं, मॅडम, त्याच नेटवर तुम्ही आता रिमोटनं माझा स्क्रीन पाहून राहिल्या ना? त्यावर त्यांनी मला होल्डवर टाकलं. दुसऱ्यानं अँटिव्हायरस बंद केला. तिसऱ्यानं प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला (प्रिंटरचा काय संबंध, मलाही कळलं नाही). चौथा म्हणाला, "युजर चुकीचं बटण दाबतोय का, ते एकदा चेक करा."

इथं मी माती खाल्ली. त्या पोरावर खेकसलो. "काहून बोटं घालून राहिला बे सेटिंगमध्ये?" सगळ्या हमालांसमोर. पोरगं खाली मान घालून कीबोर्डावरची रुई पुसत बसलं.

13 ला दुपारी 100 गाठींचा ट्रक भरून उभा. एक गाठ 170 किलोची, म्हणजे 17 टन माल, कोइमतूरला जायचा. सपोर्टवाला म्हणे, आपण एकदा रीइन्स्टॉल करून घेऊ. मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं. रीइन्स्टॉलमध्ये पोर्टलला जोडायचा पासवर्डच पुसला गेला आणि आतापर्यंत धडधाकट असलेला माझा लॉगिनही झोपला. बरं, पोर्टलवर जाऊन हातानं करावं तर ओटीपी. ओटीपी शेठच्या मोबाइलवर, आणि शेठ नागपूरला लग्नात, डीजेसमोर. सतरा फोन केले. ई-वे बिलाशिवाय ट्रक सोडला आणि रस्त्यात धरला तर दंड कराच्या दुप्पट. 25 लाखांचा माल, 5 टक्के कर, करा हिशेब. ड्रायव्हरनं गाडीखाली सतरंजी टाकून झोप काढली. त्याचं बरं होतं.

संध्याकाळी शेठनं एकदाचा ओटीपी सांगितला, पासवर्ड पुन्हा बसला, माझ्याकडून बिल गेलं. पोराच्या लॉगिनमधून? नाही. आणि तेव्हा ते पोरगं दोन दिवसांत पहिल्यांदा बोललं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाखाली बोट ठेवून म्हणालं, "दादा, माह्या इथं तेरावा महिना दाखवून राहिला."

पाहिलं. माझ्या लॉगिनमध्ये 13-11. त्याच्यात 11/13.

विंडोजमध्ये तारीख लिहायची पद्धत प्रत्येक लॉगिनची वेगळी असते. नवीन लॉगिनला अमेरिकेची पद्धत लागली, आधी महिना, मग दिवस. पोर्टलला हवा आधी दिवस, मग महिना. आणि हे अर्धवट सॉफ्टवेअर तारीख स्वतः नीट लिहून पाठवायचं सोडून विंडोज दाखवेल तशी उचलून पाठवत होतं. 11 नोव्हेंबर कसाही लिहा, 11/11 च. म्हणून पहिल्या दिवशी सगळं गेलं. 12 ला पोर्टलनं ते 11 डिसेंबर वाचलं, पुढच्या तारखेचं बिल म्हणून नाकारलं. 13 ला तर महिनाच तेरावा.

बरं, पोर्टल नाकारताना कारण लिहून पाठवतं. तारीख चुकीची आहे, असं साफ. ते कारण आम्हाला दाखवायचं सोडून यांनी ते गिळलं आणि वर "थोड्या वेळानं प्रयत्न करा" चिकटवलं. किती वेळानं बाप्पा? 12 डिसेंबरला?

सपोर्टला सांगितलं तर पाचवा माणूस शांतपणे म्हणतो, "हो सर, हा नोन इश्यू आहे. विंडोजच्या तारखेच्या सेटिंगमध्ये इंग्लिश इंडिया सिलेक्ट करून घ्या." नोन! माहीत होतं! मग प्रिंटर कायले उघडला रे लेकहो? माझं नेट, माझं गाव, माझं पोरगं, सगळ्यांची उलटतपासणी झाली, तुमच्या तारखेची एक ओळ सोडून.

ट्रक रात्री साडेनऊला हलला. सकाळी पोराला तर्री-पोहे खाऊ घातले. माफी तोंडातून निघाली नाही, जास्तीची तर्री तेवढी सांगितली. तेवढ्यात आमच्या तक्रारीबद्दल मेसेज आला: तिकीट क्लोज्ड, कारण युजर एंड. म्हणजे चूक आमचीच.

आणि आता फीडबॅकसाठी फोनावर फोन. सर, तुम्हाला बोलायला कधी सोयीचं होईल? म्हटलं, तेराव्या महिन्यात करा.