टर्बोचा शाफ्ट हलला म्हणजे टर्बो गेला, असं नसतं

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, याबद्दल डिझेल गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: टर्बोचं आयुष्य १ लाख किलोमीटर. हवेच्या होजमध्ये ऑइल दिसलं, शाफ्ट (पात्यांची चाकं बसवलेला दांडा) बोटाने हलला, निळा धूर आला किंवा पिकअप पडला की लगेच टर्बो बदला, नाहीतर इंजिन जाईल. शेवटच्या भीतीत तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण बाकीचं वाचून लोक धडधाकट टर्बो काढून टाकतात आणि खरा दोष गाडीतच राहतो.

सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते 'शाफ्ट हलला' या वाक्याने. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत शाफ्ट तरत्या बुशांमध्ये, म्हणजे सैल बसवलेल्या धातूच्या कड्यांमध्ये, फिरतो. शाफ्ट आणि बुश, तसंच बुश आणि हाउसिंग, यांच्यात मुद्दाम जागा सोडलेली असते. इंजिन चालू झालं की तिथे दाबाने ऑइल शिरतं आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत मधोमध येतो. मिनिटाला लाखाच्या वर, छोट्या टर्बोत तर २ लाखांच्याही वर फेरे होतात. एवढ्या वेगात धातूला धातू लागला तर काही क्षणांत सगळं संपेल. इंजिन बंद असताना तो दाब नसतो, त्यामुळे शाफ्ट आडवा थोडा हलणारच. नव्या कोऱ्या टर्बोचाही हलतो.

मग तपासायचं कसं? इंजिन बंद आणि पूर्ण गार हवं. होज काढून इंजिन चालू ठेवत तिथे बोट नेऊ नका, बोट जाईल. कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) टोकावरचा नट चिमटीत धरा, शाफ्ट एका बाजूला दाबा आणि तसाच दाबून हळू फिरवा. मग उलट्या बाजूला दाबून फिरवा. पाती कुठे घासतायत का, ते बोटांना कळतं आणि कानालाही. यानंतर शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. निकाल बराचसा इथे लागतो. हा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असतो, म्हणजे हाताला जवळपास जाणवतच नाही. स्पष्ट 'टक्' लागली तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं बेअरिंग, झिजलंय. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते आणि ती डायल गेजने मोजायची, अंदाजाने नाही. शेवटी टॉर्च मारून आतली भिंत बघा. पात्यांसमोर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, तर वाद संपला, टर्बो गेला. पात्यांच्या पुढच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसल्या तर फिल्टरमधून किंवा फाटक्या होजमधून धूळ जातेय. ती वाट बंद केल्याशिवाय नवा टर्बो बसवू नका.

आता होजमधलं ऑइल. बहुतेक इंजिनांचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा पाइप) टर्बोच्या आधीच्या होजमध्येच सोडलेला असतो, त्यातून ऑइलची वाफ येते. आत ओलसर थर असणं साहजिक आहे. ऑइल साचून डबकं झालं असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय, पण तेव्हाही दोषी टर्बोच असेल असं नाही. टर्बोचे ऑइल सील रबरी नसतात. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि त्या दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावर काम करतात. ऑइलच्या परतीचा पाइप तुंबला, क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) दाब वाढला किंवा एअर फिल्टर चोंदला, तर चांगला टर्बोसुद्धा ऑइल ओकतो.

हे मी स्वतःच्या गाडीवर भोगलंय. ऑइल दिसलं म्हणून टर्बो बदलून घेतला, आणि तीन आठवड्यांत इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये पुन्हा ऑइल. ब्रीदर खोलला तर आत काळा, लोण्यासारखा घट्ट गाळ. तो साफ केला आणि गळती थांबली. काढलेला जुना टर्बो नंतर टेबलावर घेऊन बघितला: आत-बाहेर प्ले नाही, भिंतीवर एक ओरखडा नाही. आजही तो बघितला की जीव चुटपुटतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच. ते व्हॉल्व्ह सीलमधून किंवा पिस्टन रिंगांमधूनही येतं. पिकअप पडून काळा धूर येत असेल तर आधी होजच्या क्लिपा, इंटरकूलर आणि अॅक्च्युएटरचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पाइप तपासा. व्हेरिएबल टर्बोत एक्झॉस्टचा झोत वळवणारी वेगळी हलती पाती असतात, ती काजळीने अडकतात, पण ते बेअरिंग झिजणं नव्हे. गळका होज मात्र तसाच ठेवू नका. हवा भरून काढायला टर्बो मर्यादेबाहेर फिरतो आणि मग खरंच जातो.

१ लाखाची मुदत तर कुठून आली कळत नाही. टर्बो किलोमीटरवर मरत नाही, तो ऑइलवर मरतो: उशिरा बदललेलं, कमी पडलेलं, किंवा चढावरून येऊन लगेच इंजिन बंद केल्याने आत करपलेलं.

आता ती भीती. पाती तुटली किंवा सील पूर्ण गेलं, तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन वेग घेऊ शकतं, आणि चावी काढली तरी थांबत नाही. शाफ्ट घासतोय हे नक्की झाल्यावर गाडी चालवू नका, टर्बो बदला. बदलताना ऑइलचा फीड पाइप नवा घ्या, परतीचा साफ करा, ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलरमधलं ऑइल आणि धातूचे कण काढा. ऑइलच्या तोंडाशी सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून भोक बुजवतो. स्टार्ट करण्याआधी टर्बोत ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवून घ्या, आणि पहिली काही मिनिटं इंजिन आयडलवरच राहू द्या.