मारत नव्हता ना, मग?

आज दुपारी आमच्या फिल्म क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, 'चित्रपट फार संथ. आणि तो नवरा मारत नाही, पीत नाही, बाहेर भानगड नाही. मग बाईला घटस्फोट कशाला हवा होता?' खाली सात अंगठे. त्यातले दोन बायकांचे! वाचता वाचता माझी फोडणी करपली.

चित्रपट 'गेट', 2014 चा. रोनित एल्काबेट्झ आणि तिचा भाऊ श्लोमी, दोघांनी लिहिला, दोघांनी दिग्दर्शित केला, मुख्य भूमिका तिची. गेट म्हणजे ज्यू घटस्फोटपत्र. इस्रायलमध्ये ज्यू जोडप्याला काडीमोड हवा तर रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयातच जायचं, आणि ते पत्र नवऱ्यानेच राजीखुशीने द्यायचं. तो अडून बसला तर रब्बी त्याला तुरुंगात धाडू शकतात, पण त्याच्या वतीने पत्र देऊ शकत नाहीत. चित्रपटाची नायिका विव्हियान पाच वर्षं तारखांना येते. एक खोली आणि बाहेरचे बाक, संपला चित्रपट. सुरुवातीला तर पुरुषच तिच्याविषयी बोलत राहतात आणि ती आपल्याला दिसतच नाही.

संथ आहे, बरं. तारीख संथच असते हो!

मी दहा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत मावशीबरोबर कोर्टात गेले होते. सोबतीला मोठं कुणी तयार नव्हतं. नायलॉनच्या पिशवीत फाईल, फाईलवर पोळी-भाजीचा डबा. तेलाचा डाग कागदांवर उतरला म्हणून ती पदराने पुसत बसली होती. वकिलाने बाकावरच विचारलं, 'मारतो का?' मावशी म्हणाली, 'नाही. बोलतच नाही.' शेजारचा कुणीतरी हसला.

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, मान्य. पण संमतीच्या अर्जावर नवऱ्याने सही केली नाही की बाईने क्रूरता किंवा तसंच काही कारण सिद्ध करायचं. अबोला कुठल्या कागदावर दाखवणार? मावशीची नऊ वर्षं गेली.

रोनितला हे कुठून कळलं? घरातून. मोरोक्कोहून आलेलं कुटुंब, बाप पोस्टात, आई केस कापायची. विव्हियान त्या आईवरूनच बेतलेली, आणि बहीणभावाने तिच्यावर एक नाही, तीन चित्रपट केले: 2004, 2008 आणि 2014. अभिनयाच्या शाळेत न जाता आलेली ही बाई. ओफिर म्हणजे तिकडचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार, तो तिने तीनदा घेतला. 'लेट मॅरेज'मधली घटस्फोटित ज्युडिथ बघा. प्रियकराचं अख्खं खानदान तिच्या घरात घुसतं तेव्हाचा तिचा चेहरा बघा. मग 'द बँड्स व्हिजिट'मधली खानावळवाली दिना बघा, ओसाड गावात वाट चुकलेल्या इजिप्शियन वादकांना जेवू घालणारी. तीच बाई आहे यावर विश्वास बसत नाही.

 

2015 मध्ये 'गेट' रब्बी न्यायाधीशांच्या परिषदेत दाखवला गेला. ज्यांच्यावर काढला, त्यांनाच! पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रोनित कॅन्सरने गेली. 51 वर्षांची होती, जुळी मुलं लहान होती. हे लिहिताना मघाचा राग जरा उतरलाय. त्या गृहस्थांनी निदान शेवटपर्यंत बघितला, हेही खरंच.

गेल्या दिवाळीत मावशीला हा चित्रपट लॅपटॉपवर दाखवला. हिब्रू, फ्रेंच काही कळत नव्हतं, खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत होते. विव्हियान भर न्यायालयात केस मोकळे सोडते आणि रब्बी खेकसतात, तिथे मावशीने थांबवायला लावला. 'परत लाव.' तीनदा बघितलं. मग चष्मा पुसत म्हणाली, 'पाच वर्षं येतेय आणि डबा कसा गं आणत नाही ही?'