घरात चोर शिरला तर कायदा कोणाच्या बाजूने?

आमच्या मागच्या गल्लीत घरफोडी झाली. घरची मंडळी लग्नाला गावी गेलेली. पहाटे कधीतरी कडीकोयंडा तोडला, कपाट उचकटलं, दागिने आणि रोकड घेऊन गेले. त्या सकाळपासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दोन मेसेज सारखे फिरतायत. पहिला: "चोराला हात लावू नका, त्याला लागलं तर उलट आपल्यावरच केस होते." दुसरा: "सापडू दे एकदा, जिवंत सोडायचा नाही."

दोन्ही मेसेज टाकणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत, चांगली आहेत. पण पहिल्यावर विश्वास ठेवणारा स्वतःच्या घरात मुकाट मार खाईल, आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवणारा जन्मठेपेला जाईल. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. वेळ काढून वाचा.

आधी पहिल्या मेसेजचं. तो चुकीचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्यात, 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाच्या हक्कावर आहेत. जुन्या दंड संहितेत ती 96 ते 106 होती, म्हणजे हा हक्क 1860 पासून कागदावर आहे. चोरी, जबरी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी होत असेल, नुसता तसा प्रयत्न जरी होत असेल, तरी ती थांबवायला बळ वापरता येतं. आणि हे फक्त स्वतःच्या घरापुरतं नाही. शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात कोणी शिरलं आणि तुम्ही धावून गेलात, तर तुम्हालाही तोच हक्क आहे.

कलम 41 तर याच्याही पुढे जातं. चार प्रसंगांत, दुसरा इलाजच उरला नाही तर, समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा धरला जात नाही. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झालेली घरफोडी, राहतं घर किंवा माल ठेवायची जागा पेटवण्याचा, स्फोटकाने उडवण्याचा प्रकार, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी की आता आपला जीव जाईल किंवा जबर इजा होईल अशी रास्त भीती वाटावी. रात्रीची घरफोडी यात मुद्दाम वेगळी घातलीय याचा विचार करा. अंधारात, झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला समोर किती जण आहेत, हातात काय आहे, काही कळत नसतं. कायद्याने त्याची ती अवस्था ओळखलीय.

घरफोडीची व्याख्याही आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी आहे. कुलूप तोडणं आलंच, पण भिंत चढून येणं, खिडकीतून शिरणं, हरवलेली किल्ली सापडली म्हणून त्या किल्लीने दार उघडणं, हेही त्यात येतं. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी ती घरफोडी, असं उदाहरण जुन्या संहितेतच दिलेलं होतं. उलट भरदुपारी दार सताड उघडं होतं आणि कोणीतरी आत येऊन टेबलावरचा मोबाइल उचलला, तर ती चोरी आहे, घरफोडी नाही. तिथे धरा, ढकला, मोबाइल हिसकावून घ्या, गरजेपुरता हात उचला. जीव घेण्याइतकं बळ तिथे चालत नाही.

हा कायदा एवढा मोकळा कसा, याला इतिहास आहे. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये दंड संहितेचा मसुदा केला तेव्हा त्यांनी टिपणात लिहून ठेवलं की या देशातली माणसं दरोडेखोरांचा जुलूम फारच मुकाट सोसतात, त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत यायला हवी. परक्या राज्यकर्त्याचं आपल्याबद्दलचं हे मत मला मुळीच आवडत नाही. पण त्यातून जे कलम आलं ते सामान्य घरमालकाच्या बाजूचं आहे, हे मान्य करायला हवं.

न्यायालयांनीही हा हक्क आखडता घेतलेला नाही. मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन या साठच्या दशकातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणी जबरदस्तीने तुमच्या जागेत घुसत असेल, तर पळून जाऊन पोलिसांना शोधत बसा अशी कायद्याची अपेक्षा नाही. 2010 च्या दर्शन सिंग प्रकरणात तर या हक्काची तत्त्वं एक एक करून मांडली आहेत. हल्ला होताना माणूस सोनाराच्या तराजूने मोजून मापून वार करू शकत नाही, हे न्यायालयं वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत. शिवाय आपण स्वसंरक्षण केलं हे आरोपीने दाखवायचं असलं, तरी सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दिसलं तरी पुरतं.

मग पहिला मेसेज एवढा पसरतो का? कारण लोकांना भीती कायद्याची नाही, पोलीस ठाण्याची आहे. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी गॅलरीतून आत येणाऱ्याला काठी मारून खाली पाडलं. फिर्याद द्यायला गेले, तर पहिला प्रश्न आला, "तुम्ही कशाला मारलं?" ते तीन तास बाकावर बसून राहिले. घरी त्यांची बायको आणि दोन मुली कुलूप लावून जाग्या. त्यानंतर त्या बिल्डिंगमधला कोण काठी उचलेल? कायद्याने दिलेला हक्क असा त्या बाकावर जातो. माझं स्पष्ट म्हणणं आहे की घरात शिरलेल्याला अडवणाऱ्या माणसाचा जबाब आधी फिर्यादी म्हणून घ्यावा. त्याने मर्यादा ओलांडली का याचा तपास जरूर करा, पण पंचनाम्याच्या आधीच त्याला आरोपीच्या जागी बसवू नका.

आता मर्यादा. ती कलम 37 मध्ये आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्कच नाही. चोर ऐवज घेऊन पळतोय, तर मागे धावून पिशवी हिसकावता येते. पण तो रिकाम्या हाताने कंपाउंडवरून उडी मारून निघाला असताना मागून त्याच्या पाठीत कोयता घातला, तर तुम्ही घर वाचवत नसता, कारण घर आधीच वाचलेलं असतं. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या एका शेतकऱ्याने 1999 मध्ये घरात शिरलेल्यांवर बंदूक झाडली आणि सोळा वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला. त्या देशात आजही यावर दोन तट आहेत. मला त्या शेतकऱ्याची भीती कळते, तरीही मी त्याच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

आणि कृपा करून कुंपणात करंट सोडू नका. ही सूचना आमच्या ग्रुपवरही आली, म्हणून सांगते. बिहारमधलं चेरुबिन ग्रेगरी प्रकरण आहे, 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. शेजारणीच्या शौचकूपाची भिंत पडली, म्हणून ती ग्रेगरीकडचा वापरू लागली. त्याला ते नको होतं. सांगूनही ती थांबेना, म्हणून त्याने वाटेत उघडी तांब्याची तार लावून त्या तारेत घरातला वीजप्रवाह सोडला. तारेला हात लागून शॉक बसला आणि ती बाई मेली. माझ्या जागेत माझा हक्क, हा बचाव न्यायालयाने ऐकला नाही. तारेला चोर कोण, दूधवाला कोण, बॉल आणायला आलेलं पोर कोण, हे कळत नाही. आपल्याकडे रानडुकरांसाठी लावलेल्या अशाच तारांनी शेतकऱ्यांचे, त्यांच्याच घरातल्यांचे जीव गेलेत.

दुसऱ्या मेसेजबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. चोर हाती लागला, त्याचे हात बांधले, चहूबाजूंनी माणसं उभी आहेत. तिथे कोणाचं संरक्षण चाललंय? त्या क्षणी स्वसंरक्षण संपलेलं असतं. त्यापुढे पडणारी प्रत्येक लाथ हा गुन्हा आहे. जमाव पाच किंवा जास्त जणांचा असेल आणि उद्देश एकच असेल, तर नेमकी कोणाची काठी वर्मी लागली हे कायदा बघत बसत नाही.

आणि तो चोरच आहे हे ठरवलं कोणी? 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. त्या भागात चोर फिरतायत अशी अफवा होती. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. आमच्या कॉलनीत बाहेरून येणारे कोण असतात? भंगारवाला, गाद्या पिंजणारा, पालावरची पारधी बाई. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मापासून गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला. आपल्या डोळ्यांतला शिक्का अजून गेलेला नाही, आणि अंधारात धावणाऱ्या जमावाच्या हाती सगळ्यात आधी हीच माणसं लागतात.

चोर पकडायचा तुम्हाला हक्क आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सांगतं की तुमच्या डोळ्यांसमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो. फक्त सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. म्हणजे धरा, बसवा, 112 ला फोन करा, पाणी मागितलं तर पाणी द्या.

पुढच्या आठवड्यापासून आपल्या कॉलनीत रात्रीची गस्त सुरू होतेय. मी नाव दिलंय, आणि पोलीस ठाण्यातल्या साहेबांना बैठकीला बोलवावं असं सेक्रेटरींना सांगितलंय, म्हणजे "तुम्ही कशाला मारलं" हा प्रश्न त्यांच्याशी आधीच बोलून घेता येईल. काठी, शिट्टी, टॉर्च एवढंच सोबत असावं. कोणाच्या घरी हौसेने आणलेली तलवार असेल तर ती बाहेर काढू नका. विनापरवाना शस्त्राचा गुन्हा चोरावर नाही, तुमच्यावर लागेल. दोघांनी मिळून फिरायचं, एकट्याने नाही. अनोळखी माणूस दिसला तर आधी विचारायचं, कुठे निघालात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहा, पण गस्तीला येण्याआधी लिहा.