‘वकिली घरून होत नाही’ हे म्हणणे टिकत नाही

वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. आशय असा: लॉ फर्मचे काम ऑफिसात बसूनच होते, ज्युनिअर सीनियरच्या समोरच घडतो, क्लायंटला वकील केव्हाही हाताशी लागतो. ज्यांना वेळ आणि जागा सोयीने हवी, त्यांनी दुसरा व्यवसाय बघावा. हे सारे मला चुकीचे वाटते, आणि घातकही.

आधी कोर्टाचे. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सुनावणीला वाट करून दिली. साथ ओसरल्यावरही, ६ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात, कोणत्याही उच्च न्यायालयाने ही सोय नाकारू नये असे बजावले. उलटतपासणीला वकिलाने प्रत्यक्ष उभे राहावे, हे मलाही पटते. पण फोर्ट किंवा लोअर परळच्या मोठ्या फर्ममधले कितीतरी असोसिएट, म्हणजे पार्टनर नसलेले वकील, कोर्टाची पायरी क्वचितच चढतात. करार, मसुदे, ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधीची कागदपत्रांची छाननी) हे त्यांचे काम, आणि त्याची कागदपत्रे व्हर्च्युअल डेटा रूममध्ये, म्हणजे सुरक्षित ऑनलाइन साठ्यात, असतात. ती डोंबिवलीतून उघडली काय नि बॅलार्ड इस्टेटमधून काय, फरक पडत नाही. गोपनीयतेची भीती घालणाऱ्यांना त्याच फाइली रात्री अकरा वाजता असोसिएटच्या घरी उघडलेल्या चालतात.

म्हणजे घरून काम आजही होतेच. ते केव्हा करायचे, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा एकाच बाजूकडे आहे.

या अधिकाराच्या मुळाशी एक विसंगती आहे, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ४९ प्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. म्हणून फर्ममधला असोसिएट बहुधा रिटेनरवर, म्हणजे पगाराऐवजी ठरलेल्या मानधनावर, असतो. कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक. स्वतंत्र व्यावसायिकाने आपली वेळ आपण ठरवावी ही साधी अपेक्षा. प्रत्यक्षात त्याला टाइमशीट, हजेरी, बिलेबल (क्लायंटच्या बिलात लावायच्या) तासांचे टार्गेट सगळे लागू, आणि रजेचा विषय निघाला की ‘तुम्ही कर्मचारी नाही’ हे उत्तर तयार. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची रजा आली, आणि रजा संपल्यावर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही. रिटेनरवरच्या वकील बाईंनी ती मागितली, तर या तरतुदी, ज्या आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, त्यांना लागू होतात का, इथूनच वाद सुरू होतो. नोकराची बंधने आणि व्यावसायिकाची असुरक्षितता एकाच माणसावर लादणे अन्यायाचे आहे.

ज्युनिअरच्या शिक्षणाचा मुद्दा मात्र खरा आहे. पहिली दोन-तीन वर्षे सीनियरची क्लायंटशी होणारी चर्चा ऐकण्यात, मसुद्यावरच्या लाल खुणा समजून घेण्यात जावीत. त्यासाठी सीनियरने आणि ज्युनिअरने ठरावीक दिवशी एकत्र बसावे. पार्टनर दिवसभर मीटिंगमध्ये आणि ज्युनिअर त्याची वाट पाहत रात्री नऊपर्यंत खुर्चीत, यात कोणी काही शिकत नाही.

क्लायंटला उत्तर वेळेवर आणि बरोबर हवे असते. एका प्रकरणाची दोघा वकिलांना पूर्ण माहिती असेल, तर एकाच्या सुट्टीने काही अडत नाही.

‘घरून काम हा बायकांचा प्रश्न’ म्हणणाऱ्यांना आजारी वडिलांची देखभाल करणारे पुरुष असोसिएट दिसत नाहीत का?

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्याला कामाच्या पहिल्याच दिवसापासून लवचिक वेळ मागता येते, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. आपल्या फर्मनी निदान एवढे लेखी द्यावे: घरून कामाचे दिवस कोणते, कमी तास घेतल्यास टार्गेट त्याच प्रमाणात किती उतरेल, आणि पार्टनरशिपचा विचार करताना ही सवलत कोणाच्या विरोधात मोजली जाणार नाही.