चॅलेंज व्होटवाल्यांनो, पुरे आता

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. "यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम 49ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा, 14 टक्के टेंडर झाले की फेरमतदान." खाली ओळीने जोडलेले हात. 2019 च्या निवडणुकीतही हाच फिरत होता.

अरे, 49ए एकदा उघडून तरी बघा! 1961 च्या निवडणूक नियमांमधला तो नियम मतदान यंत्राची रचना कशी असावी, याबद्दल आहे. चॅलेंज आहे 49जे मध्ये, आणि ते मतदार करतच नाही. उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरतो आणि म्हणतो, हा माणूस तो नव्हेच. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. यादीत नावच नसेल तर चॅलेंज कशाला करणार, कपाळाला?

20 मे 2024, लोकसभेचं मतदान. नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत आमच्या गल्लीतल्या काकू वहीचं पान घेऊन उभ्या. भाच्याने हाच मेसेज उतरवून दिलेला, 49ए भोवती लाल पेनाने गोल. त्या उन्हात तास-दीड तास हुज्जत. नाव होतं कुठे? पंचवटीतल्या जुन्या पत्त्यावर. रिक्षाने गेल्या असत्या तर ओळखपत्र दाखवून मत देता आलं असतं. कळलं तेव्हा सहा वाजून गेले होते.

मेसेजचा दुसरा भाग अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मिळतं, नियम 49पी. पण ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर. पाकिटात बंद होतं आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. "14 टक्के टेंडर झाले की फेरमतदान" हे तर नियमात कुठेच नाही.

हो, याद्यांमध्ये घोळ आहेत. कळवल्याशिवाय नावं उडतात, मेलेली माणसं राहतात. मान्य. पण म्हणून ऐन दिवशी मंत्र म्हणून नाव उगवत नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद.

काकूंना हवा होता फॉर्म 8, तोही काही महिने आधी. घर बदललं, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, सगळ्याला तोच. नवीन नावाला 6, नाव काढायला 7. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, अडतो तो पत्त्याच्या पुराव्यावर. अंबड-सातपूरला कामाला आलेली निम्मी पोरं भाड्याने राहतात आणि लाइटबिल मालकाच्या नावावर. तिथे नोंदणी केलेला भाडेकरार जोडा. आधारवर नवा पत्ता असेल तर तेही चालतं. जुनं नाव गावाला ठेवून इथे गुपचूप फॉर्म 6 भरू नका, दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. आणि भरल्यावर येणारा संदर्भ क्रमांक जपा, अर्ज कुठवर आलाय ते त्यावरून कळतं. काही अडलं तर 1950 वर फोन.

बीएलओ, म्हणजे तुमच्या केंद्राची मतदारयादी सांभाळणारे कर्मचारी, घरी पडताळणीला येतात. बहुतेक अंगणवाडीताई नाहीतर शाळेतल्या बाई, आपलं काम सांभाळून येणाऱ्या. त्यांच्यावर डाफरू नका. तुम्ही दोघं शिफ्टला, दाराला कुलूप, की अर्ज तिथेच अडकला. शेजारच्यांना सांगून ठेवा, हे इथेच राहतात म्हणून.