०.१ टक्का आणि तुमचा सूर

सूर्य आणि वरच्या हवेतल्या लहरींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याची ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते, तेवढ्याने लहरींना काय फरक पडणार? आधी भौतिकशास्त्र वाचा, मग लिहा." पहिल्या वाक्यावर बोलता येतं. दुसरं लिहायची काय गरज होती?

एक चूक मान्य. एके ठिकाणी मी 'गुरुत्वीय लहरी' लिहिलं. त्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघतात. वर ढकललेली हवा वजनाने खाली येऊन हेलकावत राहते, त्या 'गुरुत्व लहरी'. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचा ०.१ टक्का. आकडा बरोबर आहे, पण तो सगळ्या प्रकाशाच्या बेरजेचा. त्यातला बहुतेक प्रकाश वरच्या हवेतून आरपार खाली येतो. तिला तापवतात ते अतिनीलाच्या टोकाचे, क्ष-किरणांना लागून असलेले किरण. बेरजेत त्यांचा वाटा नगण्य, पण ते साधारण १०० किलोमीटरच्या वरच शोषले जातात आणि चक्राच्या तळापासून माथ्यापर्यंत दुपटीने किंवा त्याहूनही जास्त वाढतात. म्हणून ४०० किलोमीटरवरचं तापमान सुमारे ७०० केल्विनवरून १,००० च्या पुढे जातं आणि हवा कितीतरी पट दाट होते. खालून चढणारी लहर ज्या हवेत विरते, ती हवाच इतकी बदलल्यावर लहर तशीच कशी राहील?

शिवाय सूर्याकडून नुसता प्रकाश येत नाही, विद्युतभारित कणांचे झोतही येतात; त्यांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं की त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले आणि एका साध्याशा चुंबकीय वादळात त्यातले जवळजवळ ४० गेले, कारण वरची हवा फुगून त्यांना घर्षण वाढलं. तेव्हा तुमची बेरीज किती बदलली होती? अशाच वादळात ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातले विद्युतप्रवाह हवा तापवतात आणि तिथून हजार किलोमीटरहून लांब लहरी विषुववृत्ताकडे निघतात, सेकंदाला ४०० ते १,००० मीटर वेगाने.

या लहरी मी पुस्तकात पाहिलेल्या नाहीत. आयनोसोंड म्हणजे रेडिओ लहरी वर सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र; त्याच्या फिल्मवर एफ थर, म्हणजे वरच्या हवेतला विद्युतभारित थर, वर उचलला जाताना आणि परत बसताना मी रात्रीमागून रात्री मोजला आहे. तरुणपणी माझी अशीच एक नोंद वरिष्ठांनी 'यंत्राचा दोष' म्हणून खोडली होती. तेव्हाही मला 'आधी वाचून ये' असंच ऐकवलं होतं. त्यामुळे ते वाक्य मला लागतं, आणि लागलं.

सौर किमान काळात, म्हणजे चक्राच्या तळाशी, उपग्रहांना लहरी जास्त ठळक दिसतात, हा तुमचा दुसरा मुद्दा. त्या खालून चढणाऱ्या लहरी; माझ्या लेखाचा भर वादळातून निघणाऱ्या लहरींवर होता. लांबी, भाषा, चित्रं यांवरच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही.

तुमच्याकडे नोंदी असतील तर जरूर मांडा, मी रात्र जागून वाचेन. पुन्हा नुसतं 'वाचून या' लिहिणार असाल, तर उत्तराची वाट पाहू नका.